एका महिन्याची स्वस्ताई

कावागुची,
२ एप्रिल २००८

प्रिय हिसा,

तुझ्या घशाचं ऑपरेशन झाल्यापासून तुला फोन करणं म्हणजे भिंतीशी गप्पा मारणं झालंय. मी इकडून बडबडायचं आणि तू तिकडून रिसीव्हरवर बोटाने टकटक करायची. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. मध्ये नामिए वहिनी ओरडणार, "भावजी, ते मान हलवतायत!" मान हललेली मला कावागुचीत दिसते होय? त्यापेक्षा पत्र बरं. शाळेत तुझं अक्षर माझ्याहून चांगलं होतं, ते आता कामी येऊ दे.

बातमी तुला माहीत असणारच. संसदेत दोन पक्षांचं भांडण मिटलं नाही, पेट्रोलवरच्या जादा कराची मुदत टळून गेली, आणि काल पहिल्या तारखेपासून लिटरमागे पंचवीस येन आपोआप उडाले. डिझेलचे सतरा. मी काल सकाळी ट्रक भरला आणि पावती तीनदा वाचली. माझा एकच ट्रक, पण महिन्याला चाळीस हजार येन वाचतील. सानाए मात्र माझ्या आनंदावर पाणी टाकायला टपलेलीच. म्हणाली, "त्याच पहिल्या तारखेला पाव वाढला, नूडल्स वाढल्या, तेल वाढलं, सोया सॉस वाढला. लोणी तर दुकानात दिसतच नाही. तुमचे चाळीस हजार माझ्याकडे द्या, मी कुठे जातात ते दाखवते." आजा मेला नि नातू झाला, घरातली माणसं तेवढीच. तरी यंदा निदान नातू तरी झाला, हिसा. गेली तीन वर्षं नुसतेच आजे मरतायत.

आता खरं काम. आईकडे लक्ष ठेव. गेल्या हिवाळ्यात न्यूमोनियाने अठरा दिवस हॉस्पिटलात होती. डॉक्टरांनी बजावलंय, हिची खोली गार पडू देऊ नका, पुन्हा झालं तर ही उठायची नाही. मी फोन केला की म्हणते, "अरे, घामाघूम झालेय, खिडकी उघडून बसलेय." चौऱ्याऐंशी वर्षांची बाई तोगावातल्या बर्फात खिडकी उघडून बसते? इकडे ये म्हटलं तर म्हणते तुमच्या तिसऱ्या मजल्यावर माझे बटाटे कुठे लावू. तू दर मंगळवारी रॉकेलची गाडी घेऊन जातोस. आत जाऊन शेगडी पेटलेली आहे का ते डोळ्यांनी बघ. आता तर रॉकेलही उतरलं असेल. हात आखडू नकोस म्हणावं तिला.

तुझा,
इवाओ

•

तोगावा,
६ एप्रिल

प्रिय इवाओ,

पत्राची सुरुवात ऋतूच्या चौकशीने करायची रीत आहे, म्हणून लिहितो: इथे अजून गुडघाभर बर्फ आहे, आणि माझ्या पंपावर चिटपाखरू नाही.

तुला आनंद झाला, मला बरं वाटलं. आता दुसरी बाजू ऐक. पेट्रोलवरचा कर तेलशुद्धी कारखान्याच्या फाटकातच भरावा लागतो. माझ्या जमिनीखालच्या टाकीत जे नऊ हजार लिटर आहे ते मी मार्चमध्ये घेतलं, कर भरून. एक तारखेला सकाळी सहा वाजता कुनिमात्सु मास्तर गाडी घेऊन हजर. पाटीवर जुना भाव बघून म्हणाले, "काय हो, तुमच्याकडे टीव्ही नाही वाटतं?" मी माझी लिहायची पाटी काढून कर, फाटक, टाकी हे सगळं लिहीपर्यंत मास्तर निघून गेले. खाली शहरातल्या मोठ्या पंपाने त्याच दिवशी भाव उतरवला. त्यांना तोटा परवडतो. मास्तर जाऊन येऊन छप्पन्न किलोमीटर गेले, साडेसातशे येन वाचवले, त्यातले चार लिटर रस्त्यात जाळले, उरलेल्यात भूक लागली म्हणून रामेन खाल्लं. परत येताना हॉर्न वाजवून गेले. नामिए फाटकात उभी राहून ओरडली, "मास्तर, गणित तुम्हीच शिकवायचात ना आम्हाला?"

तीन दिवस जुन्या भावाने बसलो, चौथ्या दिवशी उतरवला. नाही उतरवला तर गिऱ्हाईक जातं, उतरवला तर माझं पोट जातं. डिझेलचा कर विकताना लागतो म्हणून ते लगेच उतरलं, त्यात माझं काही गेलं नाही. एवढं सुख.

आणि दुसरं. रॉकेल उतरलेलं नाही. रॉकेलवर तो कर कधी नव्हताच, मग जाणार कुठून? उलट वाढलंय. अठरा लिटरचा कॅन आता सतराशे येनांच्या वर आहे. आपल्या वरच्या वाडीत एकवीस घरं, त्यातल्या चौदा घरांत एकेकटी म्हातारी. एकीकडेही गाडी नाही. सरकारने जे स्वस्त केलं ते त्यांना लागत नाही, आणि जे लागतं ते कुणाला आठवलंही नाही. त्या सगळ्या मला विचारतात, "हिसा, स्वस्त झालं ना रे?" मी पाटीवर "नाही" लिहितो. त्यांना वाटतं मीच खातोय.

काकूंकडे मंगळवारी आत जाऊन बघतो.

हिसानोरी

•

कावागुची,
१४ एप्रिल

प्रिय हिसा,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस ट्रकची पावती कुणाला दाखवली नाही. सानाए म्हणाली, ताप आलाय का. रॉकेलचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तीस वर्षं ट्रक चालवतोय आणि आपली आई काय जाळते ते मला माहीत नाही.

माझीही मौज संपली. ज्यांचा माल वाहतो त्यांच्या कचेरीतून शुक्रवारी बोलावणं आलं. कोवळा पोरगा, टाय लावलेला, चहा दिला. म्हणाला, "इवाओसान, डिझेल उतरलंय तेव्हा भाड्याचंही जरा बघावं लागेल." मी म्हटलं, "चढलं तेव्हा भाड्याचं बघायला कुणी बोलावलं नाही ते?" तो हसला. भाडं उतरवलं. माझ्या हाती एका आठवड्याची बचत राहिली, बाकीची त्यांच्या खिशात गेली. आणि मे महिन्यात कर परत लावणार म्हणतायत. तेव्हा भाडं परत चढवतील का? तू एक टकटक करशील की दोन?

तू पंपाचं काय करणार आहेस? तुझा भाव उतरवायला उशीर झाला म्हणून मी सुरुवातीला मनात तुला नावं ठेवली होती, ते सांगून टाकतो. पण पंप बंद वगैरे करू नकोस हां. अख्ख्या खोऱ्यात तो एकच उरलाय. तू नसलास तर वर रॉकेल कोण नेणार? शहरातली गाडी त्या रस्त्याने येईल असं मला वाटत नाही.

आईने काल फोनवर सांगितलं, "आज इतकं गरम आहे की अंगावरचं जाकीट काढलं." मी इंटरनेटवर बघितलं, तुमच्याकडे काल दोन अंश होतं. मला झोप नीट लागत नाही, हिसा. ट्रक चालवताना एकच चित्र डोळ्यांपुढे येतं आणि ते मला लिहायचं नाही. तू गेला होतास का?

मेच्या पहिल्या सुटीत येतोय, तीन ते पाच.

इवाओ

•

तोगावा,
२० एप्रिल

प्रिय इवाओ,

गेलो होतो. आठ तारखेला आणि पंधरालाही. दोन्ही वेळा शेगडी पेटलेली होती. काकू समोर बसून वाटाणे सोलत होत्या. खोली मात्र म्हणावी तशी तापलेली नव्हती. मी पाटीवर तसं लिहिलं तर म्हणाल्या, "आत्ताच खिडकी उघडली होती, तुझ्या गाडीचं गाणं ऐकायला." माझ्या रॉकेलच्या गाडीवर ते जुनं बालगीत वाजतं, तुला आठवत असेल. वाडीच्या तीन वळणं खालून ऐकू येतं. रॉकेल देऊ का विचारलं, तर म्हणाल्या, "आहे की अर्धा कॅन, उगाच कशाला." जेवूनच जा म्हणाल्या, रानातले कोंब तळून वाढले. मी खाल्ले. चव लागली नाही, पण हल्ली मला कशाचीच लागत नाही, त्याला त्या काय करणार.

एक गोष्ट सांगितली त्यांनी, ती तुला सांगतो. पंचाहत्तरीपुढच्यांसाठी जो नवा आरोग्यविमा आलाय, त्याचे पैसे या महिन्यापासून पेन्शनमधूनच कापून घेतात. पंधरा तारखेलाच कापले. हसत म्हणाल्या, "मरायच्या वयाला आले तर आता जगायचा हप्ता लावला." विनोदाने म्हणाल्या. मी विनोद म्हणूनच घेतला.

खालचा रस्ता बर्फाने खचलाय तिथे अजून दोरीच बांधलेली आहे. रस्त्याचे पैसे त्याच कराचे होते, त्यामुळे काम थांबलंय. मास्तर त्या दोरीशेजारून हळूच गाडी काढतात, स्वस्त पेट्रोल आणायला.

पंपाचं विचारू नकोस. बघू.

हिसानोरी

•

कावागुची,
६ मे

प्रिय हिसा,

आधी माफी मागतो. तीन तारखेला वर आलो, पाचला खाली उतरलो, दोन्ही वेळा तुझ्या पंपावरून गेलो आणि थांबलो नाही. साखळी लावलेली दिसली, वाटलं सुटीचा दिवस. पण उघडा असता तरी थांबलो नसतो. का ते लिहितो.

तीस तारखेला, स्वस्ताईच्या शेवटच्या दिवशी, इकडे पंपांवर रस्त्यापर्यंत रांगा होत्या. मीही माझी जुनी व्हॅन घेऊन पावणेदोन तास उभा होतो, ट्रकवाला माणूस, स्वतःच्याच बावळटपणावर चरफडत. काठोकाठ भरली. एक तारखेला भाव तीस येनांनी चढला. आता ते स्वस्त पेट्रोल घेऊन तुझ्या दारात कसा थांबू? तू म्हणाला असतास भरू का, आणि मी म्हणालो असतो टाकी भरलेली आहे. ते तोंड मला तुला दाखवायचं नव्हतं.

वर आलो आणि जीव भांड्यात पडला. घर उबदार! शेगडी सकाळपासून रात्रीपर्यंत चालू. आईने जाकीट खरंच काढलेलं. मी म्हटलं, इतकं जाळू नको, तर म्हणाली, "माझ्याकडे काय कमी आहे?" दोन दिवस मी बनियनवर बसून मासे खाल्ले. उगाचच मी महिनाभर काळजी केली. सानाएला तसं सांगितलंय, तूही आता माझी मागची पत्रं फाडून टाक.

एक काम आहे. निघताना वाटलं आईलाही त्या स्वस्ताईतलं काहीतरी द्यावं. तिच्या पॉवर टिलरला बटाट्यांच्या वेळी पेट्रोल लागतं, ते तूच भरून देतोस. म्हणून व्हॅनच्या टाकीतून नळीने अठरा लिटर काढून मागच्या खोपीत ठेवलंय. दुसरं काही मिळालं नाही, खोपीत आईचे रॉकेलचे रिकामे लाल कॅन होते, त्यातलाच एक भरला. तू ओरडशील, पेट्रोल प्लास्टिकच्या कॅनमध्ये ठेवत नाहीत म्हणून. माहीत आहे. चार दिवसांचाच प्रश्न आहे. आईला सांगितलं नाही, तिला कशाला घोळात पाडा. तू गेलास की टिलरमध्ये ओत आणि उरलेलं तुझ्याकडे ने.

इवाओ

•

तोगावा,
७ मे

इवाओ,

तू थांबला नाहीस ते मी खिडकीतून पाहिलं. साखळी सुटीची नव्हती. तीस एप्रिलला मी पंप बंद केला. कायमचा. त्या दिवशी संध्याकाळी उरल्यासुरल्या स्वस्त पेट्रोलसाठी सतरा गाड्या आल्या, महिनाभर न दिसलेली तोंडंही आली. मास्तर दोन गाड्या घेऊन आले. टाकी कोरडी झाली. एक तारखेला पुन्हा कर भरून टाकी भरायची म्हटली तर पैसे महिन्याभराच्या तोट्यात गेलेले. रॉकेलची गाडीही विकली. चाळीस वर्षांचा पंप, एका महिन्याच्या स्वस्ताईने बुडाला. मी तुला आधी सांगितलं नाही, कारण तू "करू नकोस हां" असं लिहिलं होतंस.

काल मंगळवार. गाडी नाही, गाणं नाही, मी चालतच वर गेलो, काकूंना स्वतः सांगावं म्हणून. मी आल्याचं त्यांना कळलंही नाही. शेगडी विझलेली होती. टाकी काढून बघितली तर ठणठणीत कोरडी. मी पाटीवर लिहिलं, हे काय? तर म्हणाल्या, "अरे, इवाओ कालच गेला. संपलं त्याच्यात. आहे खोपीत, मी भरते नंतर."

मी कशाला ऐकतोय. टाकी घेऊन खोपीत गेलो. बघतो तर काठोकाठ भरलेला लाल कॅन. काकूही मागून आल्या होत्या, त्याही बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "इवाओनेच आणून ठेवलं असेल. बोलला नाही बघ. लहानपणापासून असाच."

खरं सांगू? मला लागलं ते. शहरातून रॉकेल आणायचं होतं तर आणायचं, माझ्या दारावरून न्यायचं तर न्यायचं, पण एक ओळ लिहायची होतीस. चाळीस वर्षं तुझ्या आईचं रॉकेल मी नेतोय. असो. शेवटची सेवा म्हणून त्याच कॅनमधून शेगडीची टाकी भरली, झाकण घट्ट केलं, जागेवर बसवली. पेटवून देऊ का विचारलं. म्हणाल्या, "आता बटाटे लावायला चाललेय, संध्याकाळी पेटवीन."

पुढच्या हिवाळ्यात काय करायचं ते तू आणि सानाए वहिनी ठरवा. मला सुचत नाही.

हिसानोरी

•

तोगावा,
८ मे, तातडीचं टपाल

इवाओ,

माझं कालचं पत्रही आलं असेल तर आधी हे वाच. काकू जिवंत आहेत. त्यांच्या केसालाही धक्का लागलेला नाही. नामिएने सानाए वहिनींना फोनवर एवढंच सांगितलंय की काकू बऱ्या आहेत. का सांगितलं ते हे.

तुझं सहा तारखेचं पत्र आज साडेदहाला आलं. "लाल कॅन" इथपर्यंत वाचलं आणि उठलो. कालच्या पत्रात लिहिलंय तो कॅन तोच. त्यातलं पेट्रोल मी माझ्या हाताने काकूंच्या शेगडीत भरलं. काडी लागली असती तर घर आणि काकू दोन्ही गेली असती.

नामिए फोन लावत राहिली. वाजत होता, कोणी उचलत नव्हतं. तिला म्हटलं तू लावतच राहा, म्हणजे पाटीवर लिहिलं, आणि धावत सुटलो. दीड किलोमीटर चढ. मला नाकातोंडातून श्वास घेता येत नाही, गळ्याच्या भोकातून घेतो, तू बघितलंयस. धावताना त्या भोकातून नुसती शिट्टी वाजते. दोन रात्री होऊन गेल्या होत्या. दोन्ही सकाळी दहिवर गोठलं होतं. अशा थंडीत न पेटवता कोण राहील, हाच विचार प्रत्येक पावलाला. वळणावरून धूर दिसतो का बघत होतो. शेजारच्या शेतात बाई होती, मी तिच्याकडे बघून तोंड उघडलं, ओरडलो. तिने हात हलवून नमस्कार केला. चाळीस वर्षं मी या रस्त्यावर हाका मारल्या, इवाओ, आणि आज एक शब्द निघेना.

दार उघडून आत शिरलो. काकू शेगडीपुढे बसल्या होत्या. अंगावर दोन जाकिटं, पायाशी गरम पाण्याची पिशवी, डोक्याला टॉवेल. फोन रजईखाली दडपलेला, "मघापासून भुंकतोय, विकणारे असतील" म्हणून. मी शेगडीतून टाकी उपसली आणि अंगणात, विहिरीच्या पलीकडे नेऊन ठेवली. तिथेच बसलो. काकू बाहेर आल्या, म्हणाल्या, "हिसा, वेडबिड लागलं का रे तुला? माझ्या इवाओचं रॉकेल आहे ते!"

टाकी भरलेली होती. मी भरली तेवढीच. एक थेंब कमी नव्हता.

मी पाटीवर लिहिलं: पेट्रोल. मग लिहिलं: पेटवली का नाही?

बराच वेळ ताकास तूर लागू देईनात. मग सांगितलं. मार्चच्या शेवटी रॉकेल चढल्यापासून शेगडी पेटवतच नाहीत. मंगळवारी माझ्या गाडीचं गाणं खालच्या वळणावर ऐकू आलं की पेटवायच्या, मी गेलो की विझवायच्या. माझ्या पंपावर गर्दी नाही हे त्यांना कळलं होतं, मला त्यात आपली आणखी काळजी नको म्हणून हे सोंग! आणि तू येणार म्हणून उरलेला अर्धा कॅन जपून ठेवला होता. तीन ते पाच सगळा जाळला. तू बनियनवर बसलास ना, तेच ते.

आता माझं. मला वास येत नाही. नाकातून श्वासच जात नाही तर वास कुठून येणार? ऑपरेशन झालं त्या दिवसापासून. डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी कोणालाच सांगितलं नाही, नामिएलाही नाही. पंपवाल्याचं नाक गेलं म्हटल्यावर त्याच्याकडे राहिलं काय? वास आला असता तर झाकण उघडताच कळलं असतं, लहान मुलालाही कळतं. खोपीत अंधार होता, नळी जुनी, पिवळी पडलेली, पेट्रोलचा नारिंगी रंगही दिसला नाही. काकू म्हणाल्या, "मला आला होता बाबा वास. पण तुझ्या अंगाला आयुष्यभर तोच वास आहे, म्हटलं तुझाच असेल."

कालच्या पत्रातल्या माझ्या टोमण्यांची लाज वाटते. तुझ्यावर रागावायला गेलो तर तुझ्याहून मीच मोठा गुन्हेगार. तू कॅन चुकीचा घेतलास, मी विचारलं नाही.

पेट्रोल मी नेलंय. शेगडी धुवून घ्यायला शहरात पाठवतोय. रस्त्याचं काय ते होवो, रॉकेल शहरातून आणून मी वर नेईन. मास्तरांकडे दोन गाड्या आहेत. त्यातली एक मी मागितली. पाटी वाचून मास्तरांनी किल्ली काढून दिली.

हिसानोरी

•

कावागुची,
११ मे

हिसा,

तुझी दोन्ही पत्रं एकदम हातात पडली. तू सांगितलं होतंस आधी हे वाच, पण मी तारखेप्रमाणे वाचली. मधली पाच मिनिटं माझ्या शत्रूलाही नकोत. सानाए "त्या बऱ्या आहेत, बऱ्या आहेत" म्हणत होती आणि मला ऐकू येत नव्हतं.

स्वतःला दोष देऊ नकोस. पाचशे चाळीस येनांसाठी मी ते केलं. अठरा गुणिले तीस. आईला काहीतरी स्वस्ताईतलं द्यावं म्हणून. आणि दोन दिवस तिने साठवलेली सगळी ऊब खाऊन, "इतकं जाळू नको" म्हणून वर तिलाच शिकवून आलो.

आईला फोन करायचा धीर होत नाही. पत्र लिहिलंय. दर महिन्याला रॉकेलचे पैसे तुझ्याकडे पाठवीन, तिला सांगू नकोस, घेणार नाही. ट्रकच्या भाड्याचं काय ते मी बघतो.

इवाओ

•

तोगावा,
१५ मे

इवाओ बाळा,

तुझं पत्र पोचलं. अक्षर फार वाईट झालंय. हिसाचं बघ, मुका झाल्यापासून मोत्यासारखं झालंय.

माफी किती वेळा मागशील? एका पत्रात नऊ वेळा आहे, मी मोजली. तुम्ही दोघं लहानपणी मिळून माझी खोपी पेटवणार होतात, तेव्हाही आधी तू रडला होतास आणि हिसा गप्प उभा होता. मी काही मेले नाही. थंडी वाजली म्हणून कोणी मरत नाही, मी वाजू दिली म्हणून वाचले, हे तुझ्या त्या डॉक्टरांना सांग.

हिसा आता दर मंगळवारी मास्तरांच्या गाडीतून कॅन आणतो. पैसे विचारले तर पाटीवर काहीतरी भलतंच लिहितो. तुम्ही दोघांनी काहीतरी ठरवलंय हे मला कळत नाही असं समजू नका. मी विचारत नाही, कारण विचारलं तर मला नको म्हणावं लागेल.

एक खरं लिहिते. त्या कॅनमध्ये रॉकेल नव्हतं हे हिसाने सांगितलं तेव्हा मला भीती वाटली नाही, वाईट वाटलं. दोन दिवस मी त्या भरलेल्या शेगडीकडे बघून बसले होते. न सांगता ठेवून गेला, म्हटलं, पोराला कळलं. मग ते जाळवेना. दोन रात्री त्याच्याच उबेने काढल्या, न पेटवता.

बटाटे लावून झाले. पुढच्या वेळी यायचं असेल तर अवचित येऊ नकोस. चार दिवस आधी कळव, म्हणजे खोली तापवून ठेवते.

आई